तीन डुकरे, एक लांडगा आणि वॉल्ट डिस्नींना नको असलेला पुढचा भाग

मे १९३३. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये मुख्य चित्रपटाच्या जोडीला जेमतेम आठ मिनिटांचा एक रंगीत कार्टूनपट दाखवला गेला. नाव होते ‘थ्री लिटल पिग्ज’. त्या आठ मिनिटांनी वॉल्ट डिस्नी यांना ऑस्कर दिले, अमेरिकेला एक गाणे दिले आणि चित्रपटधंद्यापुढे एक प्रश्न उभा केला, जो आजही प्रत्येक गाजलेल्या चित्रपटानंतर उभा राहतो: आता पुढचा भाग कधी? #धागा

त्या वर्षीची अमेरिका आधी डोळ्यांसमोर आणायला हवी. महामंदीचे चौथे वर्ष सुरू होते. काम करू शकणाऱ्या दर चार माणसांपैकी सुमारे एक बेकार होता. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा देशभरातील बँकांना टाळे लागत होते. घाबरायचेच असेल तर फक्त भीतीला घाबरा, अशा आशयाचे त्यांचे शपथविधीचे भाषण प्रसिद्ध आहे. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत पडद्यावर दोन डुकरे नाचत नाचत विचारू लागली की, लांडग्याला घाबरतो कोण?

चित्रपटात मंदीचा, बँकांचा वा बेकारीचा एकही उल्लेख नाही. अर्थ प्रेक्षकांनी भरला. दाराशी आलेला लांडगा म्हणजे उपासमार, थकलेले घरभाडे, हप्त्यासाठी तगादा लावणारा सावकार. ज्याचे जे भय, त्याचा तो लांडगा.

मूळ कथा इंग्रजी लोककथा. जोसेफ जेकब्स यांच्या १८९० च्या संग्रहातून ती घरोघर पोहोचली. मराठी वाचकाला इथे चिमणीचे मेणाचे घर आणि कावळ्याचे शेणाचे घर आठवल्यावाचून राहणार नाही. कच्चे घर, पक्के घर आणि दारावरची थाप हा सांगाडा सारखाच. मात्र इंग्रजी कथा आपल्या चिऊ-काऊपेक्षा कितीतरी क्रूर आहे. तिथे गवताचे घर बांधणाऱ्या पहिल्या डुकराला लांडगा खातो, काटक्यांचे घर बांधणाऱ्या दुसऱ्यालाही खातो, आणि शेवटी विटांच्या घरातला तिसरा डुक्कर त्या लांडग्यालाच शिजवून खातो.

डिस्नींच्या स्टुडिओने हा शेवट बदलला. दोघे आळशी भाऊ पळत पळत तिसऱ्याच्या घरी येतात आणि वाचतात. लांडगा धुराड्यातून उतरतो तो टर्पेंटाइन ओतलेल्या उकळत्या कढईत पडतो आणि बूड भाजून ओरडत पळून जातो. कोणीच मरत नाही. मुलांसाठी कथा सौम्य करण्याचा हा साधा निर्णय होता. पण त्याचा एक परिणाम फार दूरवर गेला. मूळ कथेला पुढचा भाग असूच शकत नाही, कारण तिथे शेवटी एकच पात्र उरते. डिस्नींच्या कथेत चौघेही जिवंत राहिले.

तांत्रिकदृष्ट्याही हा कार्टूनपट साधा नव्हता. ‘सिली सिम्फनीज’ ही मालिका १९२९ पासून सुरू होती आणि दर वेळी नवी पात्रे, नवी गोष्ट, नवे संगीत हे तिचे वैशिष्ट्य होते. मिकी माउसच्या ठरीव चौकटीबाहेर जाऊन प्रयोग करण्यासाठी वॉल्ट यांनी ती राखून ठेवली होती. तिन्ही मूळ रंग पकडणारे नवे टेक्निकलर तंत्र याच मालिकेतील ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या १९३२ च्या लघुपटात आले आणि कार्टूनपटांसाठीचे पहिले ऑस्कर त्याने मिळवले.

‘थ्री लिटल पिग्ज’चे दिग्दर्शक होते बर्ट जिलेट. पण या चित्रपटाचा खरा चमत्कार अ‍ॅनिमेटर फ्रेड मूर यांच्या पेन्सिलीत होता. तिन्ही डुकरे दिसायला जवळजवळ सारखी: तोच गोल चेहरा, तेच गुलाबी अंग. फरक कपड्यांत थोडा आणि वागण्यात पुष्कळ. बासरीवाला आणि व्हायोलिनवाला ज्या बेफिकिरीने उड्या मारतात, तशी उडी विटा रचणारा तिसरा कधीच मारणार नाही. त्याआधीच्या कार्टूनांत चांगला गोंडस असे आणि वाईट धिप्पाड असे. स्वभाव शरीरावर लिहिलेला असे. इथे स्वभाव हालचालीतून दिसला. पुढे ‘बग्ज बनी’मुळे नावारूपाला आलेले चक जोन्स यांनी याच गोष्टीला या कलेतील मोठे वळण मानले.

विनोदही वरवर दिसतो तितका बाळबोध नाही. तिसऱ्या डुकराच्या भिंतीवर वडिलांची तसबीर टांगलेली आहे. तसबिरीत आहे सॉसेजची माळ. खाली गाणे चालू आणि वर दिवंगत तीर्थरूप टांगलेले!

गाणे होते फ्रँक चर्चिल यांचे: ‘हूज अफ्रेड ऑफ द बिग बॅड वुल्फ’. चित्रपटात ते सलग ऐकू येत नाही. मध्येच लांडगा येतो, मध्येच दार वाजते, आणि चाल तुटते. विक्रीसाठी ते पूर्ण करताना अ‍ॅन रॉनेल यांनी जादा ओळी लिहिल्या. पाहता पाहता ते रेडिओवर, नृत्यगृहांत, रस्त्यावर सर्वत्र ऐकू येऊ लागले. चित्रगृहे हा लघुपट आठवडेच्या आठवडे उतरवेनात. न्यूयॉर्कच्या एका चित्रगृहाच्या चालकाने तर बाहेरच्या फलकावरील डुकरांना दाढ्या रंगवल्या आणि मुक्काम लांबला तसतशा त्या वाढवत नेल्या, असा किस्सा सांगितला जातो. मुख्य चित्रपट कोणता होता, हे लोक विसरले. डुकरे लक्षात राहिली.

सुमारे २२ हजार डॉलर खर्चून केलेल्या लघुपटासाठी हे यश अद्भुत होते, आणि संकट इथूनच सुरू झाले.

वितरक युनायटेड आर्टिस्ट्सकडे चित्रगृहचालकांची मागणी येऊ लागली: आणखी डुकरे पाठवा. वॉल्ट यांचा याला विरोध होता. ते स्वतःला प्रयोग करणारा माणूस मानत. जे एकदा जमले ते पुन्हा करण्यात त्यांना रस नव्हता. पण कंपनीचे हिशेब पाहणारे थोरले बंधू रॉय डिस्नी यांच्यापुढे दुसरेच चित्र होते. रंगीत कार्टून महाग होते, लघुपटांना मिळणारे भाडे तुटपुंजे होते, आणि ग्राहक स्वतःहून माल मागत दारात उभा होता. व्यापाराच्या दृष्टीने रॉय चूक नव्हते. वॉल्ट नमले.

१३ एप्रिल १९३४ रोजी ‘द बिग बॅड वुल्फ’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक पुन्हा बर्ट जिलेट, गाणे तेच, डुकरे तीच. भर म्हणून लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट त्यात आणून जोडली होती. दोन डुकरे तिला जंगलातल्या जवळच्या वाटेने नेतात, लांडगा परीराणीचा वेष घेऊन झाडावरून लोंबकळतो, आजी कपाटात दडून बसते, आणि शेवटी तिसरा डुक्कर लांडग्याच्या विजारीत मक्याचे दाणे आणि निखारे ओततो. दाणे लाह्यांसारखे फुटत जातात आणि लांडगा पुन्हा बूड भाजून पळतो.

चित्रपट वाईट नाही. लाह्यांचा प्रसंग आजही हसवतो. पण त्यात काय हरवले, ते नीट पाहण्याजोगे आहे. पहिल्या गोष्टीत धोका डुकरांच्या स्वतःच्या घराला होता, आणि प्रत्येकाने बांधलेले घर हेच त्याच्या स्वभावाचे माप होते. दुसऱ्या गोष्टीत घरे आधीच बांधलेली आहेत, लांडगा आधीच हरलेला आहे आणि संकट दुसऱ्याच कुणाच्या आजीवर आहे. डुकरे तिथे आहेत, कारण प्रेक्षकांना ती हवी होती. कथेला त्यांची गरज नव्हती.

प्रेक्षक आले, पण पहिल्यासारखे वेडे झाले नाहीत. वॉल्ट यांनी यातून जो धडा घेतला, तो ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्याचा मराठीतला भाव असा: डुकरांवर मात करायला पुन्हा डुकरेच आणून चालत नाही.

धडा घेतला खरा. पण तो स्टुडिओने पाळला का? मुळीच नाही!

१९३६ साल पाहा. ‘सिली सिम्फनीज’मध्ये त्या एका वर्षी तीन पुढचे भाग आले: डुकरांचा ‘थ्री लिटल वुल्व्ज’, ससा-कासवाचा ‘टोबी टॉर्टॉइज रिटर्न्स’ आणि मांजरीच्या पिलांचा ‘मोअर किटन्स’. तिन्हींचे मूळ लघुपट ऑस्कर मिळवलेले होते. गणित उघड होते: जे एकदा जिंकले ते पुन्हा जिंकेल. त्या वर्षीचे ऑस्कर डिस्नींनाच मिळाले, पण ते गेले ‘द कंट्री कझिन’ या स्वतंत्र गोष्टीला. खेड्यातला उंदीर शहरातल्या उंदराकडे पाहुणा म्हणून जातो, एवढीच ती कथा. कोणाचाही पुढचा भाग नव्हे.

त्या तिघांपैकी ‘थ्री लिटल वुल्व्ज’ मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दिग्दर्शक होते डेव्हिड हँड. यात लांडग्याला तीन खोडकर पोरे आहेत. सुरुवातीला बाप तक्ता टांगून पोरांना डुकराच्या मांसाचे निरनिराळे भाग शिकवतो, आणि तेही जर्मन धाटणीच्या गाण्यातून. दुसरीकडे दोन आळशी डुक्करभाऊ गंमत म्हणून धोक्याचे शिंग वाजवतात. म्हणजे आपली ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्टच. तिसरा भाऊ फसतो आणि खरा लांडगा आल्यावर येत नाही. अखेरीस त्याने बनवलेले ‘लांडगा शांत करण्याचे यंत्र’ कामाला येते: लाथा, ठोसे, डांबर, पिसे, आणि मग तोफेतून हकालपट्टी. पहिल्या भागात लांडगा हरला तो विटांच्या भिंतीपुढे. इथे त्याला पकडून, बांधून, क्रमाक्रमाने ठोकले जाते. १९३३ चा चित्रपट धीर देणारा होता. तीन वर्षांनी त्याच कथेत शिक्षेचे समाधान आले होते.

२४ फेब्रुवारी १९३९ रोजी आला ‘द प्रॅक्टिकल पिग’. दिग्दर्शक डिक रिकर्ड. विटांच्या घरातला शहाणा डुक्कर आता खोटे पकडणारे यंत्र बनवतो. खोटे बोलले की यंत्र साबणाने तोंड धुते आणि पार्श्वभागावर चापट्या मारते. लांडगा त्यात सापडतो, शेवटी उनाड भाऊही सापडतात. त्यांना मार बसताना शहाणा डुक्कर वडीलधाऱ्यांच्या थाटात म्हणतो की, हे करताना त्यांच्यापेक्षा त्यालाच जास्त दुखते. यंत्र तत्काळ त्यालाही धरते आणि झोडपते. सहा वर्षे सगळ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या पात्राला स्टुडिओने अखेरीस त्याच्याच यंत्रात घातले. तिन्ही पुढच्या भागांतला हा सर्वांत धारदार क्षण म्हणावा लागेल, आणि तो आला तेव्हा फारसे कोणी पाहत नव्हते.

कारण तोवर वॉल्ट यांचे मन लघुपटांतून निघून गेले होते. कितीही गाजला तरी लघुपटाच्या कमाईला मर्यादा असते, हे डुकरांनीच त्यांना दाखवून दिले होते. १९३४ मध्येच त्यांनी पूर्ण लांबीच्या कार्टून चित्रपटाची तयारी सुरू केली. २१ डिसेंबर १९३७ रोजी ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’चा पहिला खेळ झाला.

या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ओळखीची नावे भेटतात. संगीतात फ्रँक चर्चिल. मुख्य दिग्दर्शक डेव्हिड हँड. बुटक्यांना आकार देणाऱ्या प्रमुख अ‍ॅनिमेटरांत फ्रेड मूर. शहाण्या डुकराचा आवाज होता पिंटो कॉल्विग यांचा. इथे तोच आवाज कुरकुऱ्या ‘ग्रंपी’ला आणि झोपाळू ‘स्लीपी’ला मिळाला. आणि मूळ युक्ती? दिसायला सारख्या असणाऱ्या पात्रांना केवळ वागण्यातून वेगळे करायचे. जी गोष्ट तीन डुकरांवर साधली होती, ती आता सात बुटक्यांवर साधायची होती. ‘थ्री लिटल पिग्ज’चा खरा पुढचा भाग शोधायचा असेल तर तो इथे आहे. त्यात एकही डुक्कर नाही.

तरीही लांडग्याची गोष्ट संपली नव्हती.

१९४१. कॅनडा महायुद्धात उतरून दोन वर्षे होत आली होती. अमेरिका अजून बाहेर होती. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे प्रमुख जॉन ग्रिअर्सन यांनी युद्धबचतीच्या प्रमाणपत्रांच्या प्रचारासाठी डिस्नींकडून चार छोटे चित्रपट करून घेतले. त्यांतला एक होता ‘द थ्रिफ्टी पिग’. पैसे वाचवण्यासाठी १९३३ ची जुनीच चित्रे पुष्कळशी पुन्हा वापरली. फरक मोजकेच होते. शहाण्या डुकराच्या घराच्या विटा आता युद्धबचतीच्या प्रमाणपत्रांच्या होत्या, आणि लांडग्याच्या अंगावर नाझी स्वस्तिक आले होते. त्याच मालिकेतील दुसरा लघुपट सात बुटक्यांचा होता. बंधू आणि वारस एकाच कामाला जुंपले गेले.

पुढच्याच वर्षी एमजीएम स्टुडिओसाठी टेक्स एव्हरी यांनी ‘ब्लिट्झ वुल्फ’ केला. इथे लांडग्याचे नावच अ‍ॅडॉल्फ. दोन डुकरे त्याच्याशी अनाक्रमणाचा करार करून निश्चिंत बसतात, तिसरा तोफा रचत राहतो. म्युनिकच्या तडजोडीनंतर युरोपात काय घडले, ते ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला भाष्याची गरज नव्हती. तोफा रचणाऱ्या डुकराला आवाज दिला होता पुन्हा पिंटो कॉल्विग यांनीच. हा लघुपट ऑस्करच्या शर्यतीत होता आणि हरला तो डिस्नींच्या ‘डेर फ्यूरर्स फेस’कडून. लांडगा १९३३ मध्ये भूक होता. नऊ वर्षांनी तो हिटलर झाला. चित्रकाराने फारसे काही बदलले नव्हते.

आता पुन्हा पहिल्या चित्रपटाकडे वळायला हवे, कारण त्यातली एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे.

विटांच्या घरात शिरण्यासाठी लांडगा फेरीवाल्याचा वेष घेतो. आज जो चित्रपट सर्वत्र दाखवला जातो, त्यात तो ब्रश विकणारा साधा विक्रेता आहे. पण १९३३ च्या प्रेक्षकांनी जे पाहिले ते वेगळे होते: लांब खोटे नाक, दाढी, काळा डगला आणि यिडिश धाटणीचे हेल. म्हणजे त्या काळच्या अमेरिकी रंगमंचावर हमखास हशा मिळवणारा, ठशातला ‘ज्यू फेरीवाला’. दार उघडू नका, हा वेष घेऊन आलेला लांडगा आहे, अशी ती थट्टा होती.

हे कधी घडत होते, तेही पाहावे. १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत ज्यूंच्या दुकानांवर सरकारी आशीर्वादाने बहिष्कार घातला गेला होता. १० मे रोजी बर्लिनमध्ये पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. त्याच महिन्यात रेडिओ सिटीत हा लघुपट लागला आणि प्रेक्षक खदखदून हसले. स्टुडिओत कोणी नाझी विचारांनी हा प्रसंग रचला, असे म्हणण्यास आधार नाही. असे ठसे त्या काळी सगळेच स्टुडिओ सर्रास वापरत. पण सहज सुचलेला विनोदही कुठून तरी आलेला असतो, आणि ज्याच्यावर तो बेतलेला असतो त्याला तो सहज वाटत नाही. अमेरिकन ज्यूइश काँग्रेसच्या वतीने डिस्नींकडे आक्षेप नोंदवला गेला. अवमानाचा हेतू नव्हता, असे उत्तर रॉय डिस्नी यांनी दिले. प्रसंग तसाच राहिला.

‘द थ्रिफ्टी पिग’च्या वेळी तीच जुनी चित्रे बाहेर काढली गेली, तेव्हा आठ वर्षांपूर्वी ज्यूचा वेष चढवलेल्या लांडग्यावर त्याच स्टुडिओने स्वस्तिक चढवले. इतिहासात असे योग क्वचित दिसतात आणि फिल्मच्या एकाच गुंडाळीवर तर त्याहून क्वचित.

१९४८ मध्ये ‘थ्री लिटल पिग्ज’ पुन्हा चित्रगृहांत लावायचा ठरला. महायुद्ध संपून तीन वर्षे झाली होती, आणि छळछावण्यांची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली होती. आता स्टुडिओने तो प्रसंग नव्याने काढला. नाक गेले, दाढी गेली, डगला गेला. आवाज मात्र लगेच बदलला नाही. काही काळ पडद्यावर साधा ब्रशविक्रेता दिसे आणि ऐकू येई तो जुनाच हेल. पुढे तोही नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आला.